विश्लेषण : तिजोरीत ‘खडखडाट’, बाजारात ‘शुकशुकाट’… ध्वनिशब्द मराठी लेखनाला काय देतात?

पालिकेच्या तिजोरीत खडखडाट, नळांना ठणठणाट, आघाडीत धुसफूस, बंदमुळे बाजारपेठेत शुकशुकाट, कांद्याचे दर गडगडले… असे मथळे मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना रोजचेच आहेत. या प्रत्येक मथळ्याचा भार एकेका ध्वनिशब्दावर आहे. तिजोरी रिकामी आहे हे सांगण्यासाठी रिकाम्या डब्याचा आवाज, तर पाणी नाही हे सांगण्यासाठी कोरड्या भांड्याचा आवाज वापरला गेला आहे. मराठी माणूस हे शब्द इतक्या सहज वापरतो, की ते आवाजातून आले आहेत याचा त्याला विसर पडतो. कथा, कविता किंवा ललित लेख लिहिताना मात्र हेच शब्द एकतर सजावट म्हणून येतात किंवा गाळले जातात. ध्वनिशब्द कसे तयार होतात, लेखकाला ते नेमके काय देतात आणि कुठे फसतात, याविषयी…

ध्वनिशब्द म्हणजे नेमके काय?

निसर्गातील, वस्तूंचा किंवा प्राण्यांचा आवाज जसा ऐकू येतो त्यावरून बेतलेला शब्द म्हणजे ध्वनिशब्द. मराठी व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक, ध्वनिदर्शक किंवा नादानुकारी शब्द म्हणतात. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ या पुस्तकामुळे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार ठाऊक असतात : पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. किरकिर, खळखळ, कडकडाट, किलबिल हे शब्द तिसऱ्या प्रकारात येतात. वस्तूंची नावेही अशीच पडली आहेत. तुणतुणे, खुळखुळा, फटफटी ही नावे ऐकताच वस्तूचा आवाजही ऐकू येतो.

हा विषय नवा नाही. यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात ‘काक’ हा शब्द कावळ्याच्या आवाजाच्या अनुकरणातून आल्याचे म्हटले आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे बरेचदा घडते, असेही नोंदवले आहे. त्याच ठिकाणी औपमन्यव या आचार्याचे विरोधी मतही दिले आहे. शब्द आवाजाच्या नकलेतून जन्मतात, हेच त्याला मान्य नव्हते. पाणिनीनेही अशा शब्दांसाठी ‘अव्यक्तानुकरण’ अशी संज्ञा वापरून त्यांच्यापासून क्रियारूपे कशी बनतात याचा नियम दिला.

ही निव्वळ आवाजाची नक्कल असते का?

निव्वळ नक्कल असती, तर सर्व भाषांत एकच शब्द असता. कोंबडा जगभर सारखाच आरवतो, पण मराठी कानाला ते ‘कुकूच कू’ वाटते, फ्रेंचांना ‘कोकोरिको’, जर्मनांना ‘किकेरिकी’, जपान्यांना ‘कोकेकोक्को’ आणि इंग्रजांना ‘कॉक-अ-डूडल-डू’. मराठी कुत्रा ‘भो भो’ करतो, जपानी कुत्रा ‘वान वान’ करतो. म्हणजे प्रत्येक भाषा आपल्याकडे असलेल्या ध्वनींतून आवाज पुन्हा घडवते. शब्द आणि अर्थ यांचे नाते संकेताने ठरते, असे मांडणारे भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांनी याच फरकाकडे बोट दाखवून ध्वनिशब्दांना भाषेत गौण स्थान दिले होते.

त्यानंतरच्या प्रयोगांनी मात्र या मताला काहीशी मुरड घातली. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये मांडलेला ‘बूबा-किकी’ प्रयोग प्रसिद्ध आहे. एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून यातली बूबा कोणती आणि किकी कोणती, असे विचारले, तर सुमारे ९५ टक्के लोक गोलसर आकृतीला बूबा म्हणतात, असे त्यांनी नमूद केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ भाषा बोलणाऱ्या ९१७ जणांवर हाच प्रयोग झाला. त्यात जुळणीचे प्रमाण सरासरी ७२ टक्क्यांच्या आसपास आले. प्रमाण कमी झाले, तरी कल कायम राहिला. म्हणजे काही ध्वनी काही आकारांशी आणि गुणांशी माणसाच्या मनात आपोआप जोडले जातात.

मराठीत हे शब्द इतके का आहेत?

एक कारण भूगोलात आहे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याची मांडणी केली. वेगवेगळ्या कुळांतील भाषा शेजारी नांदल्याने त्यांच्यात समान लकबी रुजतात, असा तिचा आशय होता. १९६९ मध्ये त्यांनी खास ध्वनिशब्दांवर निबंध लिहिला. एखादे अक्षरयुग्म दोनदा उच्चारून शब्द घडवण्याची रीत द्राविडी आणि आर्य अशा दोन्ही कुळांत आहे, हे त्यांनी दाखवले. तमिळमधील ‘सलसल’ आणि मराठीतील ‘सळसळ’ शेजारी ठेवले, की हे लगेच पटते.

दुसरे कारण व्याकरणात आहे. इंग्रजी चित्रकथांतील आवाजाचे शब्द पुष्कळदा चित्राच्या बाजूला सुटे उभे असतात. मराठीत मात्र ध्वनिशब्दाला प्रत्यय लागतात आणि तो वाक्यात कुठेही बसतो. ‘खडखड’ घेतली तर खडखडणे हे क्रियापद, खडखडाट हे नाम, खडखडीत हे विशेषण आणि खडखडा हे क्रियाविशेषण तयार होते. प्रत्येकाचा अर्थही थोडा सरकतो. खडखडीत वाळलेले कपडे आणि तापातून खडखडीत बरा झालेला माणूस यांतून कसलाच आवाज येत नाही, तरी शब्द चपखल बसतो.

जे. टी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांपुढे ‘अनुकरणात्मक’ अशी खूण आढळते. बोलीतले, रस्त्यावरचे, शेतातले आवाज कोशात घेण्याजोगे आहेत, असे त्या काळी मानले गेले. म्हणूनच त्यातले कितीतरी बारकावे आज पाहायला मिळतात.

आवाजच नसेल तेव्हा काय?

मराठीचे खरे वैशिष्ट्य इथे दिसते. शाळेतल्या ध्वनिदर्शक शब्दांच्या यादीत ‘तारकांचा चमचमाट’ असतो, पण तारे कधी आवाज करत नाहीत. दिव्यांचा लखलखाट, मिट्ट काळोख, टम्म फुगलेली पोळी, लुसलुशीत पालवी, बुळबुळीत शेवाळ, गुटगुटीत बाळ हे शब्द डोळ्यांनी पाहिलेले आणि हातांना जाणवलेले कानाच्या भाषेत सांगतात. ‘शुकशुकाट’ हा तर आवाज नसण्याचा शब्द आहे, आणि तोही किलबिलाट, कलकलाट यांच्याच घाटाचा. जपानी भाषेतही असा प्रकार आहे. तिथल्या चित्रकथांत पूर्ण शांतता दाखवण्यासाठी ‘शीन’ असा शब्द छापतात. जपानीत आवाजाचे शब्द आणि स्थितीचे शब्द यांना वेगळी नावे आहेत, तसेच त्यांचे स्वतंत्र कोशही आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका कोशात साडेचार हजार शब्द आहेत.

शरीराच्या बाबतीत हे शब्द केवळ शोभेचे राहत नाहीत. दात ठणकतो, गळू ठसठसते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, छातीत जळजळते किंवा धडधडते, पोटात मळमळते, डोके गरगरते, अंगात कणकण येते. ‘दुखते’ या एका शब्दाने जे कळत नाही, ते यातल्या प्रत्येक शब्दाने डॉक्टरांना कळते. मनाचेही तसेच. बातमी ऐकून पोटात धस्स होते, काळजात चर्र होते, डोळ्यांत टचकन पाणी येते, कुणाच्या आठवणीने हुरहुर लागते, हातून निसटल्यावर हळहळ वाटते.

लेखकाला यातून काय मिळते?

सर्वांत आधी माहिती मिळते. चार वाक्ये पाहू. ‘बाहेर आवाज झाला आणि ती जागी झाली.’ ‘बाहेर कडी खडखडली आणि ती जागी झाली.’ ‘बाहेर काहीतरी धप्पकन पडले आणि ती जागी झाली.’ ‘बाहेर पाचोळा सळसळला आणि ती जागी झाली.’ पहिल्या वाक्यातून वाचकाला जवळपास काहीच कळत नाही. दुसऱ्यात दाराशी माणूस आहे आणि त्याला घाई आहे. तिसऱ्यात वजन आहे, एकदाच घडलेली क्रिया आहे. कुणी भिंतीवरून उडी मारली असावी. चौथ्यात वारा असेल किंवा साप असेल, आणि नेमके काय ते कळत नसल्यानेच भीती वाटते. शब्दसंख्या जवळपास तेवढीच आहे, पण गोष्ट चार वेगळ्या दिशांना जाते.

दुसरा लाभ काळाचा. ‘खट्’ हा एकच आवाज, ‘खटकन’मध्ये तो अचानक, ‘खटखट’ म्हणजे पुन्हा पुन्हा आणि ‘खटाखट’ म्हणजे एकामागून एक वेगाने. स्वर लांबवला, की आघात जड होतो. त्यामुळे दार ‘खटकन’ लागते आणि ‘धाडकन’ आपटते. ‘खुळखुळ’ लहान वस्तूची, ‘खळखळ’ मोठ्या प्रवाहाची. ‘किणकिण’ बांगड्यांची, ‘खणखण’ तलवारींची. इ-उ हे स्वर बारीक आणि हलके, तर अ-आ हे स्वर मोठे आणि मोकळे वाटतात. ठ, ढ, ध, भ अशा महाप्राण व्यंजनांनी वजन वाढते.

तिसरा लाभ वृत्तीचा. पाऊस भुरभुरतो, रिमझिमतो, टपटपतो, रिपरिपतो, पिरपिरतो किंवा धो धो कोसळतो. ‘रिमझिम’ म्हणणारा पावसाने सुखावलेला असतो, तर ‘रिपरिप’ म्हणणारा कंटाळलेला असतो. ‘पिरपिर’ तर हट्टी मुलाच्या रडण्यालाही लागू पडते. पाऊस तोच असला, तरी शब्द पाहणाऱ्याची मनःस्थिती सांगून जातो. बोलण्याचेही तसेच आहे. बडबड, वटवट, कुरकुर, कुजबुज, पुटपुट, भुणभुण यांतला कोणता शब्द निवडला, त्यावरून बोलणाऱ्याविषयी निवेदकाला काय वाटते ते उघड होते.

चौथा लाभ पात्राच्या बोलीचा. शहरी पात्र ‘पटकन’, ‘झटकन’ म्हणते, तर ग्रामीण बोलीतले पात्र ‘पटदिशी’, ‘झटदिशी’ किंवा ‘धाडदिनी’ म्हणते. एका प्रत्ययातून पात्राचे गाव कळते, वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी साहित्यात याचा वापर कसा झाला आहे?

ज्ञानेश्वरांच्या भ्रमराच्या विराणीची सुरुवातच भुंग्याच्या रुणझुणीने होते. केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ ही कविता या तंत्राचा उत्तम नमुना मानता येईल. खिन्न मनाचा माणूस रात्री सतार ऐकतो. सतारीचे बोल कवितेत धृपदासारखे परत येतात. आधी ते त्याला नकोसे वाटतात, मग तो ऐकू लागतो आणि हळूहळू त्याचे मन निवते. ध्वनी तोच राहतो आणि ऐकणारा बदलत जातो. पुनरुक्ती कधी उपयोगी पडते, याचे उत्तर या रचनेत आहे : प्रत्येक वेळी अर्थ पुढे सरकला पाहिजे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा ‘ट्टॉक्’ हा जिभेने काढलेला आवाज तीन पिढ्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. हा शब्द कोणत्याही कोशातून घेतलेला नव्हता. जोडाक्षर आणि पायमोड्या क यांच्या साह्याने तो कागदावर उतरवला गेला आणि बन्याची ओळख बनला. शब्द नवा घडवायचा तर तो वाचताक्षणी उच्चारता यायला हवा, हे त्यातून दिसते.

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी केलेल्या कथाकथनाची परंपराही इथे आठवते. सांगणाऱ्याजवळ आवाज असतो, विराम असतो, चेहरा असतो. कागदावर ते सारे काम शब्दाला करावे लागते. ध्वनिशब्द नेमका तिथे कामी येतो.

मग निबंधात हे शब्द कृत्रिम का वाटतात?

कारण ते ऐकून लिहिलेले नसतात, पाठ केलेले असतात. विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट, पक्ष्यांचा किलबिलाट, पाण्याचा खळखळाट या जोड्या परीक्षेत एकेका गुणाच्या असतात. त्यामुळे ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात त्या ओळीने हजर होतात. वाचकाला जोडीचा दुसरा भाग आधीच ठाऊक असतो, म्हणून त्यातून ऐकू काहीच येत नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याला पाऊस ‘ताडताड’ ऐकू येतो, केळीच्या पानांवर तो ‘टपटप’ होतो, चाळीच्या पन्हाळीतून तो ‘भळाभळा’ पडतो. पाऊस कशावर पडतो हे ठरवले, की शब्द आपोआप वेगळा होतो आणि पाठ केलेली जोडी मागे पडते.

दुसरा दोष गर्दीचा. एका परिच्छेदात पाच-सहा ध्वनिशब्द आले, की एकही नीट ऐकू येत नाही. तिसरा दोष अक्षरे ताणण्याचा. ‘धडाऽऽऽम’ बालकथेत किंवा विनोदी लेखात खपते. अपघाताच्या गंभीर वर्णनात मात्र तेच वाचकाला हसवते. कधी कधी आवाज न लिहिता त्यानंतरची शांतता लिहिणे अधिक परिणामकारक ठरते.

स्वयंपाकाच्या पुस्तकांकडून इथे शिकण्यासारखे आहे. ‘मोहरी तडतडू द्या’ या सूचनेत तडतड हा शब्द शोभेसाठी नसतो. तेल पुरेसे तापल्याची ती खूण असते. भात रटरटतो, आमटी खदखदते, फोडणी चर्र करते. प्रत्येक शब्द आच किती आहे आणि पुढे काय करायचे, ते सांगतो.

हे शब्द लिहायचे कसे?

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांत ध्वनिशब्दांना खास सवलत आहे. हळूहळू, मुळूमुळू यांसारख्या पुनरुक्त शब्दांतील दुसरे आणि चौथे अक्षर दीर्घ लिहावे, असा नियम आहे. मात्र शब्द नादानुकारी असेल, तर तो उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व लिहायचा. त्यामुळे लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु ही रूपे शुद्ध ठरतात. प्रमाणलेखनानेही इथे कानाचे ऐकले आहे. एरवी तुटक आवाजासाठी पायमोडके अक्षर (खट्, धप्), जोरासाठी द्वित्त (धप्प, टक्क) आणि लांबणीसाठी अवग्रह (ऽ) एवढी साधने पुरेशी आहेत. उद्गारचिन्हांची रांग टाळणेच बरे.

अनुवादात काय हरवते?

इंग्रजीत दार आपटण्यासाठी, कुजबुजण्यासाठी, खुदखुदण्यासाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत. त्यांचा शब्दकोशावरून अनुवाद केला, की ‘त्याने दार जोरात बंद केले’, ‘ती हळू आवाजात बोलली’, ‘तो रागाने चालत निघून गेला’ अशी वाक्ये तयार होतात. चूक काहीच नाही, पण मराठी वाचकाला ती परकी वाटतात. ‘त्याने दार धाडकन लावले’, ‘ती कुजबुजली’, ‘तो तरातरा निघून गेला’ ही मराठीची चाल आहे. चालण्यासाठीच तरातरा, झपझप, लगालगा, तुरुतुरु, दुडुदुडु असे पर्याय आहेत आणि प्रत्येकातून चालणाऱ्याचे वय, घाई आणि राग कळतो. मालिकांची उपशीर्षके, जाहिराती, बालपुस्तकांचे अनुवाद अशा ठिकाणी ‘जोरात’ आणि ‘हळू’ या दोनच शब्दांवर काम भागवले, तर पुढच्या वाचकांच्या कानावर हे पर्याय येणार कुठून, हा प्रश्न उरतो.

वस्तू गेली की शब्दही जातो का?

काही जातात. रहाटाची कुरकुर, जात्याची घरघर, टाइपरायटरचा खडखडाट रोजच्या ऐकण्यातून गेले. विजेच्या गिरण्या आल्यावर पहाटेचे जाते थांबले आणि त्यावरच्या ओव्याही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर जतन केल्या जात आहेत. त्या वाचता-ऐकताना दळणारीच्या कानांवर पडणाऱ्या त्या सोबतीची कल्पना येते.

काही शब्द मात्र स्थलांतर करून टिकतात. ‘घरघर’ जात्यावरून गेली, पण अखेरच्या श्वासाची घरघर म्हणून राहिली आणि तिथून ‘कारखान्यांना घरघर’ या मथळ्यात आली. उकळत्या पातेल्यातली ‘खदखद’ मतदारांच्या असंतोषात शिरली. घंटा नसलेल्या मोबाइलसाठीही गोष्टींत ‘ट्रिंग ट्रिंग’ लिहिले जाते. याउलट, उशीखाली थरथरणारा फोन, लिफ्टचे सरकते दार, मेट्रोची दारे बंद होतानाची सूचना, कारखान्यातील यंत्रमानवाचा हात या नव्या आवाजांना रुळलेले मराठी शब्द अजून मिळालेले नाहीत. ते कोशकार घडवणार नाहीत. ‘ट्टॉक्’प्रमाणे ते कुणा लिहिणाऱ्याच्याच हातून येतील.

लिहिणाऱ्यासाठी चाचणी सोपी आहे. लिहून झाल्यावर ध्वनिशब्द काढून वाक्य पुन्हा वाचावे. काहीच हरवले नाही, तर तो शब्द नको होता. कोण, कशावर, किती जोराने, कितीदा किंवा कोणत्या मनाने, यातले काही हरवले, तर तो तिथेच ठेवावा.